कुंपणातलं तेरा सेंटिमीटरचं भोक : बागेत येणाऱ्या हेजहॉगसाठी

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

 

आजचा भाग जरा वेगळा आहे. मागे बागकामावर बोलताना मी जाता जाता म्हटलं होतं, की इथे रेडिंगला आमच्या बागेत रात्री एक हेजहॉग येतो. त्या एका वाक्यावर जेवढे मेसेज आले, तेवढे अख्ख्या टोमॅटोच्या भागावर आले नव्हते! लीड्सहून एका ताईंनी विचारलं, "आमच्याकडेही येतो, त्याला खायला काय घालू?" एका दादांनी लिहिलं, "मुलगी मागे लागलीय, घरात पाळू या म्हणून. पाळता येतो का?" आणि पुण्याहून एक काका ऐकतात नेहमी, त्यांनी विचारलं, "हेजहॉग म्हणजे आपलं साळिंदरच ना?"

तर आज या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. आणि त्यासोबत मी स्वतः केलेल्या दोन चुकाही सांगणार आहे. एक थोडक्यात निभावली. दुसरी नाही निभावली.

आधी काकांचा प्रश्न. नाही काका, हे साळिंदर नव्हे. काटे दोघांना असतात, तेवढंच साम्य. साळिंदर हे उंदरा-घुशींच्या कुळातलं, चांगलं दहा-पंधरा किलोचं धूड. त्याचे काटे लांब, आणि ते सुटून समोरच्याच्या अंगात रुततात. हेजहॉग त्यामानाने एवढासा असतो, वीत-सव्वा वीत लांब. पूर्ण वाढलेला साधारण सहाशे ग्रॅमपासून किलोभर वजनाचा. नात्याने तो उंदरापेक्षा चिचुंद्रीला जवळचा आहे. पाठीवर पाच ते सात हजार आखूड काटे. धोका वाटला की अंगाचा गोळा करून घेतो आणि तसाच पडून राहतो. पळण्यापेक्षा त्याचा भरवसा या गोळ्यावर जास्त. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणि हो, भारतातही हेजहॉग आहेत. राजस्थान, गुजरातच्या कोरड्या माळांवर आहेत, खाली तमिळनाडूतही आहेत. गुजरातीत त्याला शेळो म्हणतात. पण ते वेगळ्या जातीचे. मी आज बोलतेय ते इथल्या, ब्रिटनमधल्या हेजहॉगबद्दल.

आता माझी पहिली चूक.

सप्टेंबरचे दिवस होते. रात्री साडेदहाच्या सुमाराला मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले, तर कुंड्यांच्या मागून कोणीतरी घोरल्यासारखा आवाज. फुसफुस, फुसफुस, मध्येच मचमच. मला वाटलं मांजर असेल. मोबाइलचा टॉर्च मारला तर हे महाशय! नाक जमिनीला लावून, वास घेत, अगदी आपल्या घरचं अंगण असल्यासारखे निघाले होते. मी लगेच व्हिडिओ काढला आणि आईला सांगलीला पाठवला. तिकडे तेव्हा पहाटेचे तीन. सकाळी उठल्या उठल्या तिचा फोन. "अगं, काय गोड आहे ते! दारात आलेल्याला उपाशी पाठवू नकोस हं. वाटीत थोडं दूध ठेव."

आता आई म्हणाली आणि आपण दूध ठेवलं नाही, असं होतं का? मी वाटीत दूध ओतलं, त्यात ब्रेडचा तुकडा कुस्करला. आणि तो आला, आणि सगळी वाटी चाटूनपुसून साफ केली! मला इतका आनंद झाला. तीन रात्री हाच कार्यक्रम. चौथ्या दिवशी सकाळी फरशीवर हिरवट, पातळ विष्ठा दिसली. एरवी हेजहॉगची विष्ठा काळसर, चकचकीत असते, त्यात किड्यांच्या पंखांचे वगैरे तुकडे दिसतात. ही तशी नव्हती. ऑफिसात जेवताना सहज बोलले, तर एक बाई एकदम म्हणाल्या, "दूध? अगं नको देऊस! त्यांना पचत नाही ते."

मंडळी, हेजहॉगला दुधातली साखर पचत नाही. ढाळ लागतात, अंगातलं पाणी कमी होतं. एवढ्याशा जिवाला ते जिवावर बेतू शकतं. आणि गंमत बघा, ही फक्त आपल्याकडची समजूत नाही. इथल्या आज्यांनीही पिढ्यान् पिढ्या हेजहॉगला दूध-ब्रेडच घातलाय. आमच्या आईचं आणि इंग्लंडच्या आज्यांचं या बाबतीत एकमत! मला आपली नागपंचमी आठवली. नागाला दूध चालत नाही हे आपण शाळेत शिकलो, भाषणंही केली असतील त्याच्यावर. पण स्वतःच्या दारात पाहुणा आला तेव्हा माझा हात दुधाच्या बाटलीकडेच गेला. तो आवडीने प्यायला, म्हणून मला वाटलं त्याला मानवलं. प्यायला म्हणजे पचलं, असं नसतं.

मी त्याच दिवशी दूध बंद केलं. दोन रात्री तो दिसला नाही. त्या दोन रात्री मला झोप नीट लागली नाही, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या रात्री आला.

मग द्यायचं काय? ताई, हे तुमच्यासाठी. सगळ्यात पहिलं म्हणजे पाणी. उथळ, जड बशीत साधं पाणी. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, गांडुळं खोल जातात, तेव्हा तर पाणी हवंच. दुसरं कुठलंही खाणं ठेवलं नाही तरी चालेल, पण पाणी ठेवाच.

खायला द्यायचं असेल, तर मांजराचं किंवा कुत्र्याचं मांसाहारी खाद्य. डब्यातलं ओलं चालतं, मांजराची कोरडी बिस्किटं चालतात. आता इथे आमच्यासारख्या शाकाहारी घरात थोडा प्रश्न येतो. (हसू) मला कितीतरी जणांनी विचारलंय, "पोळीचा तुकडा चालेल का? दहीभात? भिजवलेले शेंगदाणे?" नाही चालत. हा प्राणी किडे खाणारा आहे. भुंगे, अळ्या, गांडुळं, सुरवंट हे त्याचं अन्न. आपल्या सोवळ्याशी त्याला काही देणंघेणं नाही. शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया आणि दुकानात पाकिटातून मिळणाऱ्या वाळवलेल्या अळ्या, हे तर टाळाच. अळ्या त्याला इतक्या आवडतात की पुढ्यात ठेवल्या तर दुसरं काही खाणार नाही. पण त्यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. तेच खात राहिला तर हाडं ठिसूळ होतात, पुढे चालता येत नाही.

मी आता मांजराची बिस्किटं आणते. दुकानातल्या मुलीने एकदा विचारलं, "मांजर पाळलंय का?" म्हटलं, "नाही, पाहुणा येतो."

खाणं उघड्यावर ठेवलं तर शेजारची मांजरं फस्त करतात. त्यासाठी सोपा उपाय. झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या, कपडे ठेवायचा असतो तसा. एका आखूड बाजूला खाली तेरा सेंटिमीटर बाय तेरा सेंटिमीटर चौकोन कापा. कडांना जाड टेप लावा, नाहीतर धारेने त्याला कापेल. डबा उपडा करायची गरज नाही, झाकण लावा आणि वर वीट ठेवा. खाणं दारापासून लांबच्या कोपऱ्यात ठेवा आणि आत मध्ये आणखी एक वीट आडवी ठेवा, म्हणजे आत जाऊन वळावं लागेल. हेजहॉग वळतो, मांजराला ते जमत नाही. संध्याकाळी अंधार पडताना खाणं ठेवायचं, सकाळी उरलेलं उचलायचं आणि बशी रोज धुवायची. एका बशीत दोघं-तिघं खातात, तेव्हा एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. आणि रात्रभर खाणं पडून राहिलं तर उंदीर येतात, ते वेगळंच.

हे झालं खाण्याचं. पण मला आज जे खरं सांगायचंय ते पुढे आहे. मीही पहिलं वर्ष 'आमचा हेजहॉग, आमचा हेजहॉग' असंच म्हणत होते. त्याला नावही ठेवलं होतं, ते सांगत नाही. (हसू) मग वाचायला लागले तेव्हा कळलं, की हेजहॉग एका रात्रीत एक-दोन किलोमीटर सहज चालतो. आपली बाग केवढी? आमची तर दहा पावलांत संपते. म्हणजे तो आमच्याकडे येतो तो वाटेवरचा थांबा म्हणून. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना पाणी देणारं घर असतं ना, तसं. आणि वाट बंद असेल तर त्या पाण्याचा काय उपयोग?

ब्रिटनमध्ये वाटच बंद होत चाललीय. २०२० साली इथल्या सस्तन प्राण्यांच्या लाल यादीत हेजहॉगची नोंद 'असुरक्षित' अशी झाली. २०२२ च्या अहवालात म्हटलंय की खेड्यांतल्या हेजहॉगची संख्या २००० सालापासून ३० ते ७५ टक्के घटली, प्रदेशाप्रमाणे कमी-जास्त. शेताच्या बांधावरची झुडपांची कुंपणं गेली, किडे कमी झाले, रस्त्यावर गाड्या वाढल्या. आणि मी सांगितलं ना, धोका दिसला की तो गोळा होऊन बसतो? गाडीसमोर त्या गोळ्याचा काही उपयोग होत नाही. शहरांत मात्र त्याच अहवालानुसार परिस्थिती जरा सावरताना दिसते. म्हणजे त्यांची आशा आहे ती आपल्यासारख्यांच्या या चिमुकल्या बागांवर. एक अट आहे फक्त. एका बागेतून दुसऱ्या बागेत जाता आलं पाहिजे.

त्यासाठी लागतं काय? कुंपणाला खाली एक भोक. तेरा बाय तेरा सेंटिमीटर, सीडीच्या डबीएवढं. एवढंच! इथल्या दोन संस्थांनी, ब्रिटिश हेजहॉग प्रिझर्वेशन सोसायटी आणि पीपल्स ट्रस्ट फॉर एन्डेंजर्ड स्पीशीज यांनी, २०११ मध्ये 'हेजहॉग स्ट्रीट' नावाची मोहीम सुरू केली, तिचा मुख्य आग्रह हाच आहे. भोक पाडा आणि शेजाऱ्यालाही पाडायला सांगा.

आता भोक पाडणं सोपं, पण कुंपण असतं दोघांचं. शेजाऱ्याला विचारल्याशिवाय करवत चालवायची नाही. आमचे शेजारी सत्तरीचे गृहस्थ, एकटे राहतात. तीन वर्षांत आमचं बोलणं काय, तर 'मॉर्निंग' आणि 'आज निळा डबा की करडा?' मला धाकधूक होती. परदेशातून आलेली बाई येऊन म्हणते तुमच्या कुंपणाला भोक पाडू का, कसं दिसेल ते! शेवटी एका रविवारी गेले. व्हिडिओ दाखवला.

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, मुलं लहान होती तेव्हा रोज यायचे हे. मग एका वर्षी वादळात जुनं कुंपण पडलं, तेव्हा त्यांनी नवं बसवलं, खाली काँक्रीटच्या फळ्या टाकून, पक्कं. त्यानंतर हेजहॉग दिसलेच नाहीत. त्यांना वाटलं, मेले असतील सगळे. "मीच दार लावून घेतलं होतं की," असं काहीसं म्हणाले. काँक्रीटची फळी कापायची नाही असं ठरलं. तिच्याखालची माती खणली. त्यांनी त्यांच्या बाजूने, मी माझ्या. दोन्ही खड्डे मिळाले तेव्हा त्यांच्या हातातला खुरपा माझ्या खुरप्याला लागला, आणि आम्ही दोघं खळखळून हसलो. आता त्यांनी त्यांच्या पलीकडच्या घरी सांगितलंय. आज चार बागा जोडल्या गेल्यात. पाचव्या घरात मोठा कुत्रा आहे, तिथे आम्ही गप्प बसलो.

वाट झाली, की बागेतले सापळे काढायचे. यात कष्ट फार नाहीत, लक्ष हवं. तळं किंवा खड्डा असेल तर बाहेर यायला उतार ठेवा. हेजहॉगला पोहता येतं, पण गुळगुळीत काठावरून वर चढता येत नाही, आणि दमून बुडतो. शेजाऱ्यांनी त्यांच्या तळ्यात विटा रचून पायऱ्या केल्या. फुटबॉलची जाळी, मटारवरची जाळी रात्री गुंडाळून वर ठेवा. त्यात अडकला की सुटायच्या धडपडीत आणखी गुरफटतो. उंच गवत, झुडपाची मुळं यांत गवत कापायचं दोरीचं यंत्र घालण्याआधी काठीने, हाताने चाचपून बघा. तो आवाज ऐकून पळणार नाही, गोळा होईल, आणि पाते किंवा दोरी थेट अंगावर जाईल. आपोआप फिरणारी गवतकापणीची यंत्रं आलीत आता, ती दिवसा चालवा, रात्री अजिबात नको. गोगलगाई मारायच्या गोळ्या वापरू नका. मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांवर तर ब्रिटनमध्ये २०२२ च्या वसंतापासून बंदीच आहे, पण जुन्या घरांच्या शेडमध्ये अर्धा डबा पडलेला सापडतो अजून. आणि पाच नोव्हेंबरच्या शेकोटीसाठी रचलेला लाकडांचा ढीग! हेजहॉगला तो आयतं घर वाटतो. शेकोटी त्याच दिवशी रचा, किंवा रचलेली असेल तर पेटवण्याआधी सगळी लाकडं हलवून दुसरीकडे मांडा. टॉर्च मारून बघणं पुरत नाही.

आणि एक कोपरा आळशीपणाने तसाच सोडा. पानं झाडू नका, गवत वाढू द्या, चार लाकडं कुजू द्या. त्यात किडे येतात, आणि किडे आले की मांजराच्या बिस्किटांची गरज फारशी उरत नाही.

आता दुसरी चूक. ही सांगायची की नाही, यावर मी विचार केला. पण ताई, तुमच्या बागेत हे कधीही होऊ शकतं, म्हणून सांगते.

गेल्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबर, शनिवार. सकाळी दहा वाजता धाकटा ओरडत आला, "आई, लवकर ये!" गवतावर एक पिल्लू. मुठीएवढं. हातपाय पसरून उन्हात पडलेलं. चक्क दिवसा! मुलांनी फोटो काढले, मीही काढले. आईला पाठवले. मी म्हटलं, "ऊन खातंय बिचारं, थंडी पडलीय ना. त्रास देऊ नका त्याला." त्या दिवशी हॉलमध्ये दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम होती. आम्ही सगळे गेलो. चार वाजता परत आलो, तर ते तिथेच. त्याच जागी, तसंच. आणि अंगावर माश्या.

मी पळत शेजारी गेले. त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहराच सांगत होता. आम्ही फोन केला, जवळच एक बाई घरच्या घरी हेजहॉगची शुश्रूषा करतात, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी वजन केलं. २७० ग्रॅम. माश्यांनी काट्यांमध्ये अंडी घातली होती. त्या बाई ब्रशने एकेक अंडं काढत होत्या, आणि माझा धाकटा माझा हात घट्ट धरून उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मेसेज आला. रात्रीच गेलं.

मी त्यांना विचारलं, सकाळी आणलं असतं तर? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कदाचित वाचलं असतं, कदाचित नाही. पण हेजहॉग कधी ऊन खात नाही, एवढं लक्षात ठेव.

हे वाक्य मी आज तुम्हाला देतेय. हेजहॉग ऊन खात नाही. हा रात्रीचा प्राणी. दिवसा उघड्यावर पडलेला, डुलत चालणारा, माश्या बसत असलेला हेजहॉग हा आजारी किंवा अशक्त असतो. अपवाद एकच. उन्हाळ्यात कधी कधी मादी दिवसा लगबगीने फिरताना दिसते, तोंडात पानं, गवत घेऊन घरटं करत असते, किंवा पिलांपासून थोडा वेळ बाहेर येऊन खात असते. तिच्या चालण्यात काम असतं, घाई असते. तिला जाऊ द्यायचं. घरटं हलवायचं नाही, उघडून बघायचं नाही. घाबरली तर मादी पिलं सोडून जाते, कधी मारूनही टाकते.

बाकी कोणीही दिवसा दिसला, की 'थोड्या वेळाने बघू' म्हणायचं नाही. बागकामाचे जाड हातमोजे घालायचे, नसतील तर टॉवेल. उचलून उंच कडांच्या खोक्यात ठेवायचं, उंच अशासाठी की ते चांगले चढतात. आत जुना टॉवेल, लपायला जागा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून एका बाजूला ठेवायची, म्हणजे जास्त गरम वाटलं तर त्याला बाजूला सरकता येईल. पिशवी गार झाली की पुन्हा भरायची, गार पिशवी अंगातली उरलीसुरली ऊब खेचून घेते. उथळ बशीत पाणी. खोकं घरात, शांत जागी. आणि लगेच फोन. ब्रिटिश हेजहॉग प्रिझर्वेशन सोसायटीकडे देशभरातल्या अशा शुश्रूषा करणाऱ्यांची यादी असते, आपल्या भागातल्याचा नंबर आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा. ऐन वेळी शोधत बसू नका. मुलांनी हात लावला असेल तर साबणाने हात धुवायला लावा. काही रोग त्यांच्यापासून आपल्याला होऊ शकतात. पिसवांची मात्र फार भीती नको, त्यांच्या पिसवा त्यांच्याच अंगावर जगतात, आपल्या घरात ठाण मांडत नाहीत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिलांचं वजन फार महत्त्वाचं. उशिरा, म्हणजे सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या पिलांना हिवाळ्याआधी अंगावर चरबी साठवायला वेळच मिळत नाही. थंडीची झोप काढायला साधारण ४५० ग्रॅम तरी वजन लागतं. ही झोप म्हणजे आपली दुलईतली झोप नव्हे. जागेपणी त्याचं हृदय मिनिटाला १९० च्या आसपास ठोके देतं, ते विसापर्यंत उतरतं. अंग गार पडतं. सगळा हिवाळा, साधारण नोव्हेंबर ते मार्च, अंगातल्या चरबीवर काढायचा. २७० ग्रॅमवाल्याच्या पोतडीत तेवढी शिदोरीच नसते.

म्हणून शरद ऋतूत खाणं नियमित ठेवा. हिवाळ्यातही पाणी आणि मूठभर कोरडं खाद्य ठेवायला हरकत नाही, ते मधून मधून जागे होतात, घरटं बदलतात. झोपायला लाकडी घर ठेवायचं असेल तर ते खाण्याच्या डब्यापासून वेगळं, बागेच्या शांत कोपऱ्यात. आत थोडी, बाहेर भरपूर कोरडी पानं टाका. बिछाना त्याचा तो करतो. आणि मग झाकण उघडून बघायचा मोह आवरा. मला माहितीय, सोपं नाही ते.

राहिला दादांचा प्रश्न, पाळता येईल का? नाही दादा. रानातला हेजहॉग घरात कोंडायचा नाही. दुकानात मिळतात ते आफ्रिकन जातीचे, तो विषय वेगळा. मुलीला सांगा, की तो रोज येतो हीच मजा आहे. त्याच्या येण्याजाण्याची वेळ वहीत लिहायला लावा. एका पट्टीवर पीठ पसरून डब्यापुढे ठेवा, सकाळी पावलांचे ठसे मिळतील. पाळण्यापेक्षा वाट बघण्यात जास्त शिकायला मिळतं पोरांना.

आणि एक गोष्ट. हाच प्राणी न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी गावची आठवण म्हणून नेला. आज तिथे तो जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खातो, आणि लोक त्याला उपद्रवी म्हणून पकडतात. स्कॉटलंडच्या यूइस्ट बेटांवर १९७० च्या दशकात कोणी तरी बागेतल्या गोगलगाई खायला म्हणून चार-दोन सोडले, तिथेही तीच कथा. म्हणजे प्राणी तोच, पण जागा चुकली की मदतीची हानी होते. वाटीतल्या दुधासारखंच आहे हे. मनात माया होती, पण त्याला काय हवंय ते कोणी विचारलं नव्हतं.

आमच्याकडे या एप्रिलमध्ये कुंपणाखालच्या त्या खड्ड्यातून एक हेजहॉग आला. जुनाच की नवा, ओळखू येत नाही, आणि आता मी नावही ठेवत नाही. पाच मिनिटं थांबला, पाणी प्यायला आणि पलीकडे गेला. पाठोपाठ शेजाऱ्यांचा मेसेज. 'आत्ता माझ्याकडे पोचलाय.' सांगलीला सकाळ झाल्यावर आईचा फोन आला, तिने पहिला प्रश्न विचारला, "आलं का गं ते?" म्हटलं, "आलं." मग म्हणाली, "दूध नाही ना ठेवलंस?"

तर मंडळी, या आठवड्यात एकच काम करा. तुमच्या कुंपणाच्या कडेने एक फेरी मारा. सीडीची जुनी डबी हातात घ्या आणि बघा, ती कुठून आरपार जाते का. जात नसेल, तर शेजाऱ्यांचं दार वाजवा. आणि काय झालं ते मला कळवा, मी पुढच्या भागात वाचून दाखवेन.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. नमस्कार!